मांजराच्या भोकाचं दार

लहानपणी वडिलांनी तिचं नाव 'चौकशीची खिडकी' ठेवलं होतं. शेजारी कोण आलं, त्याच्या पिशवीत काय होतं, जाताना तो हसत गेला की तोंड पाडून, हे सगळं तिला कळायलाच हवं असायचं. वडील सुतार, जन्मभर दारं-खिडक्या करत आले, त्यामुळे नावही त्यांना त्यातलंच सुचलं. पुढे नावातली चौकशी गळून पडली आणि नुसती खिडकी उरली. लग्न होऊन ती नदीच्या खालच्या अंगाच्या गावात आली, नवऱ्याबरोबर खिळे, स्क्रू, बिजागऱ्या आणि कड्या-कुलपांचं दुकान सांभाळू लागली, तरी थोरली बहीण फोनवर 'काय गं खिडके' अशीच सुरुवात करायची. चौकसपणा हा काही गुन्हा नाही. शेजारणींना तो कधीकधी तसा वाटतो, एवढंच.

पूर येऊन गेला. म्हणजे पाऊस थांबला होता आणि पाणी उतरायला लागलं होतं, पण नदी अजून आपल्या जागेवर आली नव्हती. नवरा दुकानातला चिखल उपसत होता आणि ती, दोघी बहिणींतली धाकटी, होडीच्या धक्क्यावर उभी राहून नदीत काय काय जातंय ते बघत होती. एक फ्रिज गेला, दार घट्ट मिटलेला. आत काय असेल, दूध अजून चांगलं असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं. प्लास्टिकची एक खुर्ची सरळ बसल्यासारखी गेली, जणू कुणी आत्ताच उठून चहा ठेवायला गेलंय. मुळांसकट एक झाड गेलं. दातांच्या डॉक्टरची पाटी गेली. दुसरी कुणी असती तर हळहळून घरी गेली असती. ही एकेका वस्तूला नजरेनं उलटंपालटं करत उभी होती.

तिचं हे बघणं आज उगाच नव्हतं. वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर, तिची ताई एका दुमजली घरात एकटी राहायची. सोबतीला एक मांजर. रस्ता खचलेला, फोन लागत नव्हता. त्यात सकाळी टेकडीवरून आलेला दूधवाला सांगून गेला होता, "वळणावरची घरं बसली म्हणतात." कुठली, किती, ते त्याला ठाऊक नव्हतं. ऐकीव बातम्या आणणाऱ्यांचं हेच असतं. काळजाला घोर लावायचा आणि वर 'बघा बाबा' म्हणून निघून जायचं.

ती तडक दिराकडे गेली. दीर होडीवाला, एरवी माणसांना या काठावरून त्या काठावर सोडायचा.

"भाऊजी, वळणापर्यंत न्या मला."

भाऊजींनी आधी धक्क्याच्या भिंतीकडे बघितलं. पाण्याच्या वर ओल्या चिखलाचा पट्टा चांगला रुंद झाला होता. सकाळी तो बोटभर होता.

"उतरतंय. जाऊ. पण नदीवर माझं ऐकायचं. आणि पाण्यातलं काही उचलायचं नाही. सोन्याचं असलं तरी."

"मी कशाला उचलू?"

"वहिनी, तुम्हाला मी आज ओळखतो का?"

त्यांनी तिला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे ओढून बघितले आणि हातात लांब बांबू देऊन होडीच्या टोकाला बसवलं. या होडीवाल्यांची एक रीत होती. पुराच्या पाण्यात मशीनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत आणि मागे बसलेल्याला पुढचं दिसत नाही. म्हणून टोकावरच्या माणसानं अखंड बोलत राहायचं. दिसेल ते मोठ्यानं सांगायचं: डावीकडे ओंडका, उजवीकडे फांदी, समोर मोकळं. काहीच नसेल तरी 'मोकळं, मोकळं' म्हणत राहायचं. बोलणं थांबलं की मागच्यानं मशीन मंद करायचं, कारण थांबलं म्हणजे टोकावरचा एक तर पडला किंवा त्याला असं काही दिसलं की शब्द सुचेनात.

"या कामाला तुमच्यासारखं माणूस शोधून सापडणार नाही," भाऊजी म्हणाले. "इतकी वर्षं तुमच्या बोलण्याचा नुसता त्रासच होता."

"तुमच्या बायकोला सांगते."

"तिनंच सांगितलंय."

होडी निघाली. वेग बेताचाच, चालत्या माणसाएवढा. धाकटी बोलत राहिली. डावीकडे ओंडका. समोर दोर, भाऊजी, लांब दोर, मशीनच्या पात्यात जाईल. भाऊजींनी मशीन वर उचललं आणि दोर खालून जाऊ दिला. समोर पाण्यावर सुरकुती. "कसली सुरकुती आहे ही, भाऊजी?" तिनं लगेच विचारलं. "वरून काही दिसत नाही, पण पाणी तिथं दुभंगतंय."

"मग खाली काहीतरी आहे. बुडालेलं झाड असेल. दिसणाऱ्या ओंडक्यापेक्षा हे वाईट." भाऊजींनी लांबून वळसा घेतला.

उजव्या काठाला एक मोठं झाड आडवं पडून त्यात गवत, बाटल्या, पत्रे यांचा ढीग अडकला होता. पाणी त्या ढिगातून गाळलं जाऊन पुढे जात होतं.

"उजवीकडे झाड. फांद्यांत काहीतरी पिवळं आहे. काय असेल ते?"

"काही का असेना. तिथं होडी ओढली गेली तर सुटत नाही. पाणी चाळणीतून जातं तसं जातं, आपण जात नाही."

"मोठं आहे हो. चौकोनी."

"वहिनी, पुढे बघा."

तिनं पुढे बघितलं, पण जीव त्या पिवळ्यात अडकून राहिला. डावीकडे बॅरल. समोर मोकळं. मोकळं. समोर...

आणि ती थांबली.

समोरून एक दार येत होतं, पाण्यावर आडवं पडून, सावकाश. हिरवं. खालच्या कोपऱ्यात एक गोल भोक, त्याच्या कडेला ठोकलेली पत्र्याची पट्टी. ते भोक तिच्या डोळ्यांदेखत पाडलं गेलं होतं. ताईनं हट्ट धरला होता की मांजराला रात्री खोलीत येता यायला हवं, आणि वडिलांनी, स्वतः घडवलेल्या नव्याकोऱ्या दाराला भोक पाडताना, अख्खा दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. ते ताईच्या वरच्या खोलीचं दार होतं.

तोंडून शब्द फुटेना.

मागे मशीन मंद झालं. भाऊजींनी होडीचं तोंड प्रवाहाकडेच ठेवून ती हळूहळू मागे सरकू दिली. दार होडीच्या बाजूला आलं आणि मग गंमत झाली. होडी आणि दार एकाच पाण्याबरोबर, एकाच चालीनं खाली चालली होती, त्यामुळे दार हातभर अंतरावर जागच्या जागी थांबल्यासारखं झालं. काठ तेवढा सरकत होता.

"ताईचं आहे," तिला शेवटी म्हणता आलं.

घर बसलं तर दारं येतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"उचलायचं का?"

"नाही. होडी आडवी झाली तर आपणही त्याच्यामागे जाऊ. बघायचं तेवढं बघून घ्या. अजून थोडा वेळ धरतो."

मग धाकटीनं जे केलं ते तीच करू शकत होती. ती दाराची कड बघू लागली. बिजागऱ्यांची जागा. वर एक खाच, खाली एक खाच, दोन्ही रिकाम्या. खाचेत स्क्रूची भोकं, गोल, स्वच्छ, अंधारी. लाकूड कुठे फाटलं नव्हतं, सालपट निघालं नव्हतं.

"भाऊजी, हे उखडलेलं नाही."

"म्हणजे?"

"घर पडताना दार निघालं तर चौकट घेऊन निघतं. नाहीतर स्क्रू लाकूड फाडून बाहेर येतो. दुकानात लोक रोज तसली दारं घेऊन येतात, आणि मग मलाच विचारतात की मोठा स्क्रू बसेल का. हे कुणीतरी काढलंय. स्क्रू ड्रायव्हरनं, एकेक करून."

"चोर असेल."

"पुरात चोर बिजागऱ्या सोडवत बसेल?"

"मग तराफ्यासारखं वापरलं असेल कुणी." बोलून झाल्यावर भाऊजींना वाटलं की हे बोलायला नको होतं. कारण दारावर कुणीच नव्हतं.

धाकटीनं पुन्हा बघितलं. दोर नव्हता, दोराचा वळही नव्हता. हातानं धरल्याची एकही खूण नव्हती. काढलंय कुणी, का काढलंय, ते कळत नव्हतं. आशा आणि भीती अशी एकाच वेळी छातीवर बसलेली तिनं पूर्वी कधी अनुभवली नव्हती.

"चला," ती म्हणाली. दार खाली निघून गेलं. तिनं मान वळवली नाही. "समोर मोकळं. मोकळं. डावीकडे फांदी."

वळण आलं. पहिलं घर बसलेलं होतं, दुसऱ्याची नुसती एक भिंत होती. ती तेही मोठ्यानं सांगत गेली, कारण थांबायचं नाही असं ठरलं होतं. आणि मग, "समोर ताईचं घर," ती म्हणाली, "उभं आहे. भाऊजी, उभं आहे."

खालचा मजला अर्धा पाण्यात होता. वरच्या गॅलरीत ताई उभी होती, कमरेला पदर खोचलेला, काखेत मांजर, हातात स्क्रू ड्रायव्हर. मागच्या भिंतीला बिजागऱ्यांवरून सोडवलेलं तिसरं दार तयार टेकवून ठेवलेलं होतं.

"किती वेळ लावलास गं खिडके," ताई म्हणाली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिला रागही आला. "दारं काय काढत बसलीयेस?"

"मग काय करू? फोन बंद. ओरडून ऐकू जाणार आहे तुझ्या गावापर्यंत? म्हटलं, आमची खिडकी धक्क्यावर उभी असणारच. नदीतून जाणारं काडीकाडी बघत असणार. म्हणून दार सोडलं."

"अगं, घर पडलं असं वाटलं मला ते दार बघून."

"कसं वाटेल? स्क्रू काढून सोडलं ना मी. दुसऱ्या कुणी नुसतं दार बघितलं असतं. तू भोकं बघणार, हे मला माहीत नाही?"

आयुष्यभर धाकटीच्या ज्या खोडीला सगळ्यांनी नावं ठेवली, त्या खोडीच्या भरवशावर ताईनं वडिलांच्या हातचं दार नदीत सोडलं होतं. तिला आनंद झाला, वाईट वाटलं, लाज वाटली, सगळं एकदम.

भाऊजींनी खालच्या अंगानं होडी गॅलरीला लावली आणि ताईला जॅकेट चढवून हात देता देता म्हणाले, "ताई, नदीत दारं सोडायची नसतात. एखादी होडी आपटली असती."

"तुमचीच येणार होती. आणि टोकावर ही बसणार, हेही ठाऊक होतं," ताई म्हणाली आणि मांजराला जॅकेटच्या आत घेऊन बसली. काढलेल्या स्क्रूंची बरणी तिनं मांडीवर घट्ट धरली होती. "पण खिडके, कालचं दार बघितलं नाहीस वाटतं. संध्याकाळी न्हाणीचं सोडलं होतं आधी. वाट बघून बघून आज हिरवं काढलं."

"नाही दिसलं."

"मग डोळे तपासून घे."

होडी खाली निघाली. धाकटी टोकावर बसली आणि तिला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. मशीन लगेच मंद झालं.

"वहिनी, रडा हवं तेवढं. पण बोलत राहा."

मग ती रडत रडत बोलत राहिली. समोर मोकळं. उजवीकडे ओंडका. समोर सुरकुती, भाऊजी, लांबून. मोकळं. ते आडवं पडलेलं झाड आता डाव्या हाताला आलं, आणि वरून येताना फांद्यांची ही बाजू उघडी पडली होती. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि मान लांब करून बघितलं. येताना अर्धवट राहिलेलं बघणं आता पुरं होणार होतं.

"डावीकडे झाड," ती म्हणाली. "झाडात पिवळं दार. बिजागऱ्या नाहीत. भोकं स्वच्छ आहेत."