कंबरदुखीचं घराणं

गिऱ्हाइकाने माप देताना पोट आत ओढलं, की शिंपीमास्तर टेप थांबवत. “श्वास सोडा साहेब. मला फसवाल, पँटला कसं फसवाल?”

असे हे मास्तर डॉक्टरीणबाईंसमोर मात्र स्वतःच पोट आत ओढून बसले! प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला होता. गाठ लहान होती, वाढ संथ होती.

“काका, घराण्यात कोणाला कॅन्सर झाला होता?”

“छे! असलं काही नाही आमच्यात.”

“मग ऑपरेशनची घाई नको. ठरावीक महिन्यांनी तपासत राहू.”

मास्तर शीळ घालत दुकानात परतले. बायको बटणं लावत होती. लोकांना काय सांगायचं, हे तिने ठरवूनही टाकलं होतं : हर्निया. कोटाची बाही आखूड करून घ्यायला आलेल्या थोरल्या बहिणीला मास्तरांनी आनंदाने सगळं सांगितलं.

ताईने चष्मा काढला. “घराण्यात काही नाही? मग बाबा कशाने गेले?”

“कंबरदुखीने.”

“कंबरदुखीने माणूस मरतो होय रे? मग जगात एकतरी शिंपी उरला असता का? प्रोस्टेटचाच होता त्यांना. हाडांत उतरला होता. आईने शपथ घातली होती मला.”

मास्तरांच्या हातातली कात्री खाली आली.

“आणि माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आठवतंय?”

“म्हणजे काय! सहा महिने तुला तळलेलं खाऊ दिलं नाही मी.”

“छातीचं होतं ते, मेल्या! स्तनाचा कॅन्सर. आणि वर तुझं पथ्य!”

बायकोला सुई टोचली. “अहो वन्सं, सांगायचं नाही का?”

“लेकीचं लग्न व्हायचं होतं. लोक काय म्हणतील, या भीतीने गप्प बसले. लग्न झालं, नातवंडं झाली, तरी मी आपली पित्ताशयच सांगत राहिले. चूक झाली माझी. पण तू ती गिरवू नकोस. खोट्या मापावर डॉक्टरने बरोबर कापायचं तरी कसं?”

“पण मग ऑपरेशन करावं लागेल ना!” मास्तरांच्या तोंडून खरी भीती बाहेर पडली.

“लागलं तर लागेल. चुकून थांबण्यापेक्षा समजून घाबर!”

दुसऱ्याच दिवशी तिघंही दवाखान्यात हजर. ताईने यादी सांगितली, डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतली.

“बरं झालं सांगितलंत. वडिलांना प्रोस्टेटचा, बहिणीला स्तनाचा. एकच जनुकीय दोष दोन्हींच्या मुळाशी असू शकतो. आधी रक्ताची ती तपासणी, मग निर्णय.”

दोष निघाला. अशा वेळी संथ दिसणारा कॅन्सरही वेग धरू शकतो, म्हणून नुसती वाट पाहणं डॉक्टरीणबाईंना धोक्याचं वाटलं. ऑपरेशन, रेडिएशन, दोन्हींचे त्रास त्यांनी समजावले. मास्तरांनी तीनदा घाम पुसला आणि ऑपरेशन निवडलं.

दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांनी परगावच्या मुलाला फोन लावला. “हर्निया म्हणा हो,” बायको कुजबुजली.

“कॅन्सर आहे मला,” मास्तर इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेजारचा रिक्षावाला वळला. “आजोबांना होता, आत्याला होता. तूही तपासून घे. आणि हे बघ, लाजू नकोस!”

तिकडे ताई लेकीचा नंबर शोधत होती.

वाचकहो, घराण्याची अब्रू आजाराचं नाव घेतल्याने जात नाही. ते लपवल्याने मात्र पुढच्या पिढीचा जीव जाऊ शकतो. आपली माणसं कशाने गेली, ते विचारा; आणि आपल्याला काय झालंय, ते मुलांना सांगा!