मागच्या खोलीतलं नेट

"आई, त्या डब्याले हात नको लावजो. लाइट लुकलुकून राहिला ना, तोवर बिलकुल नको."

लिलाधर हे सकाळपासून घोकत होता. माळ्यावर पडलेला जुना राऊटर त्याने काढला होता. त्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा आतला प्रोग्राम, पुसून दुसरं, फुकट मिळणारं भरलं की तोच डबा समोरच्या खोलीतलं वायफाय पकडून मागे पोहोचवणार होता. मधली मातीची भिंत हातभर जाड, तिच्यापुढे नेट जातच नव्हतं.

मागच्या खोलीत त्याचे वडील, बुधराम. उभा जन्म एकोडीच्या तलावात जाळं टाकण्यात गेला, आणि कंबरेचं हाड मोडलं ते मात्र घरच्या ओसरीवर घसरून. आज पुण्याला धाकट्या तृप्तीच्या लेकीचं बारसं. नातीचं तोंड दिसायचं तर व्हिडिओवरच. पण खाट समोर नेऊ म्हटलं की म्हातारा उखडायचा.

"चौघाइनं उचललेली खाट वापस येत नाही. मले नाही जाचं."

लिलाधरचा जीव थाऱ्यावर नव्हता. लाइट बघ, अंगणात जा, पुन्हा लाइट बघ, असं चाललं होतं. तेवढ्यात तृप्तीचा फोन आला, तसा तो रेंजसाठी अंगणात धावला.

"दादा, आता पाळण्यात टाकून राहिलो बाळाले. बाबाले दिसन ना?"

"दिसन ना. काहून नाही दिसन?"

बोलता बोलता तलावाच्या अंगाला आभाळ गडगडलं. लिलाधर आत आला तेव्हा त्याची आई जमुनाबाई दोन्ही राऊटरच्या पिना उपसून हातात धरून उभी होती. विजेने टीव्ही जळाल्यापासून आभाळ वाजलं की आधी पिना, मग वाळवण, हा तिचा नेम. डोक्याला सांगितलेलं हाताला कळलं नव्हतं.

पिना पुन्हा लावल्या. समोरचा राऊटर जागा झाला. अर्धवट भरलेला डबा मात्र काही केल्या उजळला नाही.

"किती डाव सांगतलं तुले, आई."

एवढंच बोलला, पण तेही बोलायला नको होतं. जमुनाबाई उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. "नातीचं तोंड नाही दिसलं त्याइले. माह्याच हातानं झालं."

मागे खाट करकरली.

"लिलाधर, इकडं ये," बुधराम म्हणाले. "खाट उचल. तू अन् तुही माय."

"शेजारून दोघं बोलावतो, बाबा."

"कायले? दोघंच धरा."

जमुनाबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि पायांकडची बाजू धरून दाराकडे वळली.

"पाय नाही," म्हातारा म्हणाला. "डोकं समोर घ्या."

तेवढ्याशा खोलीत खाट फिरवताना भिंतीचा पोपडा निघाला. लिलाधरला आता लाज वाटत होती, आणि खाट आईच्या हातून निसटेल अशी भीतीही. पण खाट समोर आली. फोनच्या पडद्यावर पाळणा हलत होता. बुधराम मान वर करून बघत राहिले.

आभाळ पुन्हा गडगडलं. जमुनाबाईची नजर पिनेकडे गेली. हात मात्र खाटेच्या खुरावरच राहिला.