समोरच्या खडकावरचा तेरडा

सकाळी बाल्कनीत येऊन चिन्मयीनं वर पाहिलं आणि तिचा विरस झाला. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी. पाऊस नाही, ऊनही नाही. रविवार वाया गेला, असं म्हणत ती आत वळणार, तोच खाली अंगणात तिला सासूबाई दिसल्या. विनताबाई गाडीच्या डिकीत ट्रायपॉड ठेवत होत्या.

"आई, अशा हवेत जायचं?" तिनं वरूनच विचारलं.

"काहून? अशाच हवेत तर जायचं. चल, चहा भरला थर्मासमध्ये."

लग्न होऊन चिन्मयी साताऱ्याहून जबलपूरला आली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. बँकेतली बदली मिळाली, गढा भागातल्या सासरच्या घरात खोली मिळाली, नवऱ्याशी, वेदांगशी, मजेत चाललं होतं. सासूबाईंचा मात्र अंदाज येत नव्हता. विनताबाई शाळेत जीवशास्त्र शिकवत, सुटीच्या दिवशी रानफुलांचे फोटो काढत आणि घरात बोलत त्या मोजकंच. सुनेकडेही कॅमेरा आहे म्हटल्यावर आजची ही फेरी त्यांनीच ठरवली होती. वेदांगची रिछाईच्या कारखान्यात रविवारची पाळी होती, त्यामुळे दोघीच निघाल्या.

शहपुऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून गाडी शेतांमधून नदीपर्यंत गेली. नदी लहानशी. या काठाला लागून घोट्याएवढ्या पाण्याचा एक फाटा वाहत होता, त्यापलीकडे काळ्या खडकांचा टापू, आणि टापूच्या पलीकडे मुख्य धार. धारेपलीकडे, समोरच्या कातळावर तेरडा फुलला होता. गुलाबी रंगाची नुसती झुंबड.

फाट्यात पाय घालण्यापूर्वी विनताबाई जरा थांबल्या. तळाचे गोटे नीट निरखून त्यांनी एकेक पाऊल टाकलं. चिन्मयीला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

टापूवर पोचल्यावर तिनं कॅमेरा काढला आणि दोन-चार फोटो घेतले. सगळ्यांत वर पांढराफटक आभाळाचा पट्टा, खाली काळपट नदी. तिनं स्क्रीन सासूबाईंपुढे धरली. "बघा ना. मेलेले आलेत सगळे."

"तू आभाळ काहून घेऊन राहिली? त्याच्यात आज आहे काय?" विनताबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली वाकवलं. "आभाळ सोड. खडक घे, फुलं घे, पाणी घे. आणि आता पाह्य, फुलाच्या पोटात सावली आहे का?"

नव्हती. उन्हात हीच पाकळी निम्मी पांढरीफटक नि निम्मी काळी दिसली असती. आता लेन्समधून तिच्यावरच्या शिरासुद्धा मोजता आल्या असत्या. शेवाळाचा हिरवा रंग ओला, गडद झाला होता. विनताबाईंनी लेन्सवर एक फिरती काच बसवून दिली आणि ती फिरवताच ओल्या पानांवरची चकाकी पुसल्यासारखी गेली. मग कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, शटर सावकाश उघडझाप होईल असं केलं. समोरचा तेरडा, त्याच्याखाली एक पायरीसारखा खडक, आणि पायरीखालून वाहणारी धार. फोटोत धार दुधासारखी उतरली.

"अय्या!" चिन्मयी म्हणाली.

"अच्छा वाटलं ना? आता हात लावू नको ट्रायपॉडला. वारा थांबला की एकेक काढत जा. फूल हललं की फोटो गेला." एवढं बोलून विनताबाई टापूच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि एका कपारीतल्या नेच्यासमोर ओणव्या बसल्या.

चिन्मयी रमली. वारा पडायची वाट पाहायची, श्वास रोखायचा, बटण दाबायचं. बऱ्याच वेळानं तिनं सगळे फोटो पहिल्यापासून पाहायला घेतले. पुढचा, पुढचा, पुढचा. मग ती थबकली आणि पुन्हा पहिल्यावर आली.

पहिल्या फोटोत तेरड्याखाली पायरी होती. शेवटच्या फोटोत नव्हती.

तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. फुलं जागच्या जागी, कातळातली भेग जागच्या जागी. उजेडही तसाच, सकाळपासून तसूभर न बदललेला. बदललं होतं ते फक्त पाणी, आणि ते दुधासारखं राहिलं नव्हतं. त्यात चहाचा रंग उतरला होता.

"आई! पाणी वाढतंय बहुतेक."

"नाही गं," विनताबाई मान न वळवता म्हणाल्या. "पाऊस कुठे पडून राहिला? तुझा कॅमेरा हलला असंल."

चिन्मयी गप्प बसली. खरं तर कॅमेरा हललेला नव्हता. पण या नदीवर सासूबाई वर्षानुवर्षं येत होत्या, आणि ती आज पहिल्यांदा. सकाळपासून दोनदा तिचं म्हणणं चुकलं होतं, आता तिसऱ्यांदा काय तोंड उघडायचं? तिनं पाण्याकडे पाहिलं. एक काटकी गेली. मागोमाग पानांचा गठ्ठा, फेस, आणि मग मुळासकट उपटलेलं मक्याचं ताट. वर कुठेतरी, डोंगराकडे, पाऊस कोसळत होता. इथं एक थेंब नव्हता, म्हणून कळलं नव्हतं एवढंच.

तिनं वळून काठाकडे पाहिलं. घोट्याएवढ्या फाट्यातले गोटे आता दिसत नव्हते.

"आई, उठा." आपला आवाज एवढा चढेल असं तिला वाटलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता उठा. मागे बघा."

विनताबाईंनी मागे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हातातला कॅमेरा गळ्यात अडकवायलाही त्यांना वेळ लागला.

"इथंच थांबू," त्या म्हणाल्या. "वर, त्या झुडपापाशी बसू. उतरेल पाणी."

"आणि नाही उतरलं तर?"

"उतरते, बेटा. मला माहीत आहे ना ही नदी."

चिन्मयीनं टापूच्या माथ्यावरच्या झुडपाकडे पाहिलं. त्याच्या वरच्या फांद्यांत वाळलेलं गवत नि प्लास्टिकची फाटकी पिशवी अडकलेली होती.

"ते तिथं कुणी नेऊन ठेवलंय? पाण्यानंच ना?" ती म्हणाली. "मागच्या पुरात हा अख्खा टापू बुडाला होता, आई. आपल्याला आत्ताच जायला हवं. थोड्या वेळानं जाताही येणार नाही."

विनताबाई हलल्या नाहीत. त्यांची नजर गढूळ पाण्यावर खिळली होती. "मला तळ दिसून नाही राहिला," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तळ नाही दिसला तर मला पाय टाकवत नाही गं. पोहता येत नाही मला. वेदांगलाही माहीत नाही हे."

शाळेतल्या पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी ही बाई थरथरत होती.  चिन्मयीनं भराभर कॅमेरा काढून बॅगेत कोंबला, बॅग खांद्याला लावली, ट्रायपॉडचे पाय मिटून त्याची काठी केली आणि सासूबाईंचं मनगट घट्ट धरलं.

"तळ मी बघते. तुम्ही पाण्याकडे बघूच नका, माझ्या खांद्याकडे बघा. मी पाय ठेवला की मग तुम्ही ठेवायचा. चला."

पहिल्याच पावलाला पाणी गुडघ्यावर आलं. ते गार होतं आणि त्याला विलक्षण जोर होता. चिन्मयी प्रवाहाकडे तोंड करून तिरपी उभी राहिली, काठीनं पुढची जागा चाचपली, पाय सरकवला. "आता तुम्ही." मागून पाऊल आलं. पुन्हा चाचपलं, पुन्हा सरकवला. मधोमध पाणी मांडीला लागलं. विनताबाई काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं नाव असावं.

आणि त्यांचा पाय घसरला.

एका क्षणात त्या कमरेपर्यंत पाण्यात बसल्या आणि वाहत्या दिशेला ओढल्या गेल्या. चिन्मयीचा हात खांद्यातून निखळतोय की काय असं झालं. दुसऱ्या हातात काठी, त्याच हातावर घसरत आलेली बॅग, आणि बॅगेत पाणी शिरून ती दगडासारखी जड झालेली. तो हात मोकळा झाल्याशिवाय सासूबाईंना वर ओढता येणार नव्हतं. चिन्मयीनं बोटं उघडली. काठी गेली, बॅग गेली. दोन्ही हातांनी तिनं विनताबाईंचा दंड धरला आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं.

"पाय खाली रोवा! आई, पाय रोवा!"

विनताबाईंचा पाय कशाला तरी टेकला. त्या उठल्या. त्यानंतर दोघी काठापर्यंत कशा आल्या ते चिन्मयीला पुढे कधीच सांगता आलं नाही. चिखलात हातापायांवर रांगत त्या वर चढल्या आणि गवतात पडून राहिल्या.

मान वर केली तेव्हा टापूवरचं फक्त झुडूप दिसत होतं. समोरच्या कातळावरचा तेरडा पाण्यात निम्मा गेला होता. 

गाडीत बसल्यावर चिन्मयीनं खिशातली किल्ली काढली. विनताबाईंनी तिचे दोन्ही गार हात आपल्या मांडीवर घेतले आणि चोळत राहिल्या. 

"तू सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी वळून पाहिलंसुद्धा नाही."

"मी पण एकदा सांगून गप्प बसले, आई."

"यापुढे नको बसू."

चिन्मयी तेव्हा रडली. विनताबाईंनी डिकीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतून आधी तिला पाजला, मग आपण प्यायल्या.

शहपुऱ्याच्या बाजारापाशी गाडी आली आणि गाडीतच राहिलेला विनताबाईंचा फोन वाजला. वेदांग होता, पाळी संपवून घरी पोचलेला. चिन्मयीला वाटलं, त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण विनताबाईंनी सगळं सांगितलं. पाणी, झुडूप, घसरलेला पाय, पोहता न येणं, आणि सूनबाईनं सांगूनही आपण न ऐकणं, काहीच गाळलं नाही. पलीकडून वेदांगचा आवाज चढत गेला, तो गाडीभर ऐकू यायला लागला.

"ओरडू नको," विनताबाई म्हणाल्या. "ती गाडी चालवून राहिली ना. घरी येऊन बोलू. आणि ऐक, पाणी तापवून ठेव, दोघींना लागेल."