सहासष्ट वर्षांचं शेंडेफळ

समजा, तुमच्या घरासमोर एक डोंगर आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बर्फानं भरलेला. तुमच्या पायांत स्की आहेत आणि तुम्हाला वर जायचंय. दिसला डोंगर? मग आता सांगा, वर कसे जाल? ज्यांनी मनातल्या मनात ‘लिफ्टनं!’ असं म्हटलं, त्यांनी लाजू नये. बोहीनच्या खोऱ्यातले सिरिलआजोबा पन्नास वर्षं हेच उत्तर देत आले होते.

सिरिलआजोबा सहासष्ट वर्षांचे. जन्मभर त्यांनी बस चालवली आणि हिवाळ्यातला एकही रविवार स्कीशिवाय घालवला नाही. यंत्रानं विंचरून गुळगुळीत केलेल्या उतारावर त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ते अशी झोकदार वळणं घेत खाली यायचे, की लिफ्टच्या खुर्चीत बसलेले पाहुणे वाकून वाकून बघायचे. आणि पाहुणे बघतायत हे आजोबांना न बघताच कळायचं. नात ब्रिना, तिला स्कीवर उभं त्यांनीच केलं. पण सात वर्षांची झाली आणि पोरगी फितूर झाली. मिल्काआजीच्या गटात गेली.

मिल्काआजी म्हणजे सिरिलआजोबांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. तिचा गट लिफ्टकडे ढुंकूनही बघायचा नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या आणि आपल्या पायांनी डोंगर चढायचा. पट्टीचे केस मांजराच्या पाठीसारखे एकाच दिशेला झुकलेले असतात. पाय पुढे सरकवला तर स्की सुळकन जाते. मागे घसरू लागली, की तेच केस उभे राहून बर्फाला धरून ठेवतात. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, चढताना मोकळ्या सोडलेल्या टाचा स्कीला अडकवायच्या आणि कुणी न विंचरलेल्या बर्फातून खाली यायचं.

तीन हिवाळे आजोबा लिफ्टच्या दोघांच्या खुर्चीत एकटेच बसले. शेजारच्या जागेवर कधी कुणी परका, कधी नुसते हातमोजे. चौथ्या हिवाळ्यात, नाताळ उलटल्यावर, ते ताईच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

“ताई, मलाही ने.”

मिल्काआजी पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापत होती. तिनं सुरी थांबवली नाही. “कुठे? दवाखान्यात?”

“डोंगरावर. तुमच्याबरोबर.”

“का रे, लिफ्ट बंद पडली?”

“लिफ्ट चालू आहे. मीच कंटाळलो.”

“बरं.” तिनं त्यांच्यापुढे एक तुकडा सरकवला. “पण आमच्याकडे वय वेगळं मोजतात. स्वतःच्या पायांनी किती हिवाळे चढलास, तेवढं तुझं वय. मी बावन्न वर्षांची. आपला लोवरो सुतार वीस वर्षांचा. ब्रिना तीन वर्षांची. आणि तू?”

आजोबांनी तोंडात घास धरूनच हिशेब केला. “मी अजून जन्मायचोय.”

“म्हणजे तू आमचं शेंडेफळ,” मिल्काआजी म्हणाली.

शेंडेफळाचे नियम सोपे होते. मोठी किटली त्यानं वाहायची. चहा त्याला सगळ्यांत शेवटी. आणि शेवटच्या चढापाशी गट थांबला, की ‘पुढे जायचं का?’ हा प्रश्न आधी त्याला विचारायचा. म्हणजे मोठ्यांचं बघून त्यानं मान डोलवायला नको. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी सगळे माघारी वळणार, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. शेंडेफळपण संपतं ते रूश्निक डोंगराच्या माथ्यावर. तिथे पोचल्यावर मिल्काआजी ओल्या पट्टीनं ढुंगणावर तीन फटके देते. तेच बारसं. ज्याचं बारसं झालं नाही त्याला ईस्टरच्या दोन दिवसांच्या मोठ्या सफरीवर नेत नाहीत, मग तो कुणाचा का भाऊ असेना.

त्या सफरीत रात्री कड्यापलीकडच्या झोपडीत मुक्काम असतो, झोपायला एकावर एक बाक. ब्रिनानं जानेवारीतच ठरवून टाकलं होतं. “वरचा बाक माझा, खालचा तुमचा. तुम्हाला वर चढवत बसणार नाही मी.”

शिकवायचं कामही ब्रिनाकडेच आलं. पहिल्या रविवारी आजोबा लिफ्टवर घालायचं जाडजूड जाकीट घालून आले आणि शर्यत असल्यासारखे सुटले. दहाव्या मिनिटाला त्यांच्या डोक्यातून वाफ निघत होती.

“आजोबा, पाय उचलू नका. सरकवा.”

“सरकवतोच आहे.”

“बगळ्यासारखे उचलताय. आणि पळताय कशाला? वर काय कुणी तिकीट तपासणार आहे?”

“अगं, मी तुला चालायला शिकवलं!”

“हो ना. मग आता तुमची पाळी.”

लोवरो मागून म्हणाला, “काका, वाफ वाया घालवू नका, किटली ठेवा तिच्यावर.”

दुसऱ्या रविवारी आजोबांनी पट्ट्या स्वेटरला चिकटवून घेतल्या, त्या सोडवताना स्वेटरचीच लोकर पट्टीला गेली. तिसऱ्या वेळी ते टाचा न अडकवताच उतारावर निघाले आणि अख्खं गाव ज्यांची वळणं बघायचं ते सिरिलआजोबा नाकावर आपटले. ब्रिनानं त्यांच्या मिशांतला बर्फ झाडला आणि शाळेतल्या बाईंच्या सुरात विचारलं, “काय विसरलं आपण?”

“टाच,” आजोबा म्हणाले.

पण ते शिकले. हळू चालायला शिकले, आणि हळू चाललं की झाडांवरचे पक्षी ऐकू येतात हेही त्यांना नव्यानंच कळलं. रूश्निकचा माथा मात्र हुलकावणी देत राहिला. एकदा बुटानं फोड आला, दोनदा धुकं आडवं आलं. बघता बघता ईस्टरच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला. आज बारसं झालं तर झालं. नाहीतर खालचा बाक रिकामा.

आकाश निळंशार होतं. आजोबा झकास चढत होते. शेवटच्या चढाआधी एक रुंद सपाटी लागते, तिथे त्यांची एक पट्टी टोकाला सुटली. “व्हा पुढे, आलोच,” ते म्हणाले. बाकीचे तिघं बोलत बोलत पलीकडच्या झाडांपाशी गेले. आजोबांनी पट्टी काखेत धरून ऊब दिली, पुन्हा दाबून चिकटवली आणि पाऊल सरकवलं.

‘हुंफ.’

गोठ्यात थकलेली गाय खाली बसताना सोडते ना, तसा एक जड सुस्कारा. आजोबांच्या पायांखालचा बर्फ बोटभर खाली बसला, आणि स्कीच्या पुढून एक केसाएवढी भेग सपाटीवर सरसर धावत गेली.

आजोबा खांबासारखे उभे राहिले. हा सुस्कारा काय सांगतो हे मिल्काआजीनं त्यांना जेवताना दहादा ऐकवलं होतं. वरचा थर आहे घट्ट, पण खालच्या थरात जीव नाही. सपाटीवर तो नुसता बसतो. चढावर मात्र वरचा थर अख्खाच्या अख्खा घसरून येतो, त्याच्यावर जो असेल त्याला घेऊन.

त्यांनी पुढे बघितलं. तिघांपैकी कुणीही मागे वळलं नव्हतं. म्हणजे कुणी ऐकलं नव्हतं.

‘माझं पोटच वाजलं असेल,’ आजोबांनी स्वतःला समजावलं. सकाळी पोतित्साचे तीन तुकडे झाले होते, तेव्हा हे अगदीच खोटं म्हणता येत नव्हतं. मग त्यांनी भेगेकडे बघितलं. पोटानं भेग पडत नाही.

ते झाडांपाशी जाऊन पोचले. तिथे मिल्काआजी एक सुटी पट्टी हवेत फिरवून हात मोकळा करत होती. सपकन आवाज येत होता.

“ये, शेंडेफळा! शेवटचा अर्धा तास. मग बस म्हटलं तरी बसता येणार नाही तुला.”

“काका, पँट जाड घातलीय ना?” लोवरोनं विचारलं.

ब्रिना स्कीवरच उड्या मारत होती. “आजोबा, हो म्हणा! लवकर म्हणा!”

“ए, पढवायचं नाही,” मिल्काआजी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. असं विचारताना तो नेहमीच बदलायचा. “सिरिल. पुढे जायचं?”

आजोबांनी वर बघितलं. चढ उन्हात चमकत होता, एक ओरखडा नाही. माथ्यावरचा लाकडी क्रूस इथूनही दिसत होता. मग त्यांनी ब्रिनाकडे बघितलं.

“नाही,” ते म्हणाले.

ब्रिनाच्या उड्या थांबल्या.

“दम लागला का काका?” लोवरोच्या तोंडून निघून गेलं.

“लोवरो, विचारायचं नाही,” मिल्काआजी म्हणाली.

“विचारू दे त्याला. दम लागला असता तर मी हो म्हटलं असतं,” आजोबा म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सुस्कारा, भेग, सगळं.

“कुठे?”

“त्या सपाटीवर. पट्टी लावून निघालो तेव्हा.”

“आणि इथपर्यंत गप्प आलास?”

“सांगावं की नाही याचा विचार करत होतो, ताई.”

 मिल्काआजीनं हातातली पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. “चला. आलो त्याच वाटेनं, एकामागे एक, मधे अंतर ठेवून.”

“पण मग ईस्टर?” ब्रिनाचा आवाज बारीक झाला. “आजी, आजोबांनी बरोबर केलं ना? मग येऊ दे ना त्यांना!”

“बरोबर केलं म्हणूनच नाही,” मिल्काआजी म्हणाली. “आज ‘नाही’ला बक्षीस दिलं, तर उद्या लोक बक्षिसासाठी ‘नाही’ म्हणायला लागतील. तो पुढच्या वर्षी येईल. सहासष्ट थांबला, अजून एक वर्ष थांबेल.”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” आजोबा म्हणाले. “तोवर तू तरी टिक.”

“मी? मी तर अवघी बावन्नची!”

 खाली रानात, जिथे जमीन ताटासारखी सपाट होते आणि वर कुठला चढ उरत नाही, तिथे सगळे थांबले. लोवरोनं आजोबांच्या पाठीवर थाप मारली. आजोबा जागच्या जागी डुलले आणि बर्फात बसले. कुणी त्यांना उठवायची घाई केली नाही.

ब्रिना जवळ येऊन उभी राहिली. नाक लाल होतं, ते थंडीनंच असं आपण म्हणू.

“कसा होता आवाज?” तिनं विचारलं.

आजोबांनी गाल फुगवले, खांदे पाडले आणि पोटातून काढला, “हुंफ.”

“हा तर तुम्ही खुर्चीत बसताना करता.”

“तसाच. पण माझ्यापेक्षा मोठ्या कुणीतरी केलेला.”

ब्रिना विचारात पडली. “तीन हिवाळे झाले, मला एकदाही ऐकू आला नाही.”

“कसा येणार?” मिल्काआजी म्हणाली. “तुझं तोंड कधी बंद असतं?”

लोवरो हसला. आजोबा हसले नाहीत. त्यांना या हसण्याची झळ ठाऊक होती.  ब्रिनानं स्की काढल्या, काठ्या बाजूला रोवल्या आणि टोपी काढून खिशात कोंबली. मग बर्फात पालथी पडली, उजवा कान बर्फाला लावला, आणि एक बोट वर करून तिघा मोठ्यांना गप्प केलं.