अर्ध्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुने अर्धे दार आहे. अर्धे म्हणजे मोडके नव्हे बरे का! पुढच्या मोठ्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना जी चौकट लागते, तिच्यात मी उभे आहे. माझी उंची मोठ्या माणसाच्या कमरेइतकी. माझ्यावरून माणसांनी खुशाल बोलावे, ताट-वाट्या इकडून तिकडे द्याव्यात. खालून मात्र पुढच्या खोलीतले मूल आत जाऊ नये आणि आतला कुत्रा बाहेर येऊ नये, एवढेच माझे काम. तुम्ही म्हणाल, चार पट्ट्या आणि एक कडी, याला कसले आले आहे चरित्र? पण ऐका तर खरे.

माझे लाकूड आधी एका पलंगडीचे होते. या घरच्या सुनेची लेक लहान असताना तिच्यात झोपायची. लेकीचे पाय पलंगडीबाहेर येऊ लागले तशी मला उचलून माळ्यावर टाकले. तिथे कोळ्यांनी माझ्यावर बिनभाड्याचे संसार थाटले. आपले काम संपले, असे मी समजून चालले होते.

मग एके दिवशी घरातल्या सुनेने पाळणाघर काढायचे ठरवले. नोकरीला जाणाऱ्या आयांची मुले दिवसभर सांभाळायची, खाऊपिऊ घालायचे, निजवायचे आणि संध्याकाळी ज्याचे त्याच्या हवाली करायचे. मुले तिला मावशी म्हणू लागली, म्हणून मीही मावशीच म्हणते. चौकशीला पहिली आली ती एक नर्स. कडेवर तिचा मुलगा होता. घर पाहून ती खूश झाली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुत्रा शेपटी हलवत पुढे आला. नर्सने मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"कुत्रा आहे तुमच्याकडे?"

"आहे, पण चावत नाही हो," मावशी म्हणाली.

"चावत नाही असंच सगळे म्हणतात. आमच्याकडे टाके घालायला घेऊन येतात ना, तेव्हासुद्धा तेच म्हणत असतात."

तिने पिशवी उचलली. तेव्हा मागच्या पडवीतून मावशीचे सासरे बाहेर आले. ते जन्मभर सुतारकाम केलेले गृहस्थ. ते एवढेच म्हणाले, "उद्या या. उद्या मधे दार असेल."

त्याच दुपारी त्यांनी मला माळ्यावरून खाली काढले. करवत चालली, रंधा फिरला, पॉलिश पेपरने माझा एकेक कोपरा त्यांनी इतका घासला की त्यावर गाल टेकला तरी खुपू नये. पट्ट्यांमधल्या फटींत मुलाचे डोके अडकू नये म्हणून नातीचा जुना चेंडू त्यांनी प्रत्येक फटीला लावून पाहिला. तो कुठेही आत गेला नाही, तेव्हा कुठे त्यांनी बिजागऱ्या ठोकल्या. कडी त्यांनी वरच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या अंगाला बसवली. मग सुनेला बोलावून म्हणाले, "हे बघ, आधी कडी, मग मूल. कडी लावल्याशिवाय मूल खाली ठेवायचं नाही. भात करपला तरी चालेल."

कुत्र्याचीही त्यांनी शिकवणी घेतली. माझ्या खालच्या उंबऱ्याशी त्याला बसवून 'थांब' म्हणायचे आणि 'ये' म्हणेपर्यंत हलू द्यायचे नाही. तो असा काही बसायचा की म्हाताऱ्याने त्याचे नावच दगडू ठेवले. मी सताड उघडे असले तरी 'ये' ऐकल्याशिवाय दगडू ती रेघ ओलांडत नसे. नर्स दुसऱ्या दिवशी आली, तिने मला दोन्ही हातांनी हलवून पाहिले आणि मुलाला ठेवून कामावर गेली. पाळणाघर सुरू झाले ते असे.

मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षे होती. सकाळी एकेक मूल रडत यायचे. आईचा पदर सुटला की भोकाड पसरायचे. मग ते माझ्या फटीतून आत पाहायचे आणि पलीकडे दगडूचे ओले नाक दिसले की रडणे अर्ध्यावर थांबायचे. मुले माझ्या पट्ट्या धरून उठायची, धपकन बसायची, पुन्हा उठायची. कितीतरी मुले जन्मात पहिल्यांदा उभी राहिली ती मला धरून. याचा मला अजून अभिमान आहे. फटीतून बिस्किटे आत जायची आणि दगडू ती इतक्या अलगद घ्यायचा की बोटाला ओठही लागू नये. मग मावशी सगळ्यांना रांगेने मोरीवर नेऊन साबणाने हात धुवायला लावायची. त्यात कुणालाही माफी नव्हती.

घरात एक मांजरही होती. तिच्या लेखी मी नुसती शोभा! कडी लावा, कुलूप घाला, ती आपली टुणकन उडी मारून माझ्यावरून जायची. पण तीही शहाणी. मुलांनी शेपटी ओढायला सुरुवात केली की ती कपाटावर चढून बसायची आणि वरून आमच्या सगळ्यांकडे सरकारी साहेबासारखी पाहायची. तिला वर जागा होती. दगडूला वर जागा नव्हती. त्याला एक कोपरा, एक पोते आणि त्याच्यासमोर मी, एवढेच होते. हे तेव्हा माझ्याही लक्षात आले नव्हते.

वर्षे गेली. म्हातारे सुतार एका दुखण्यात गेले. त्यांच्यामागे माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायचे कुणाला सुचले नाही. माझा रंग उडाला, मी कुरकुरू लागले. आणि दगडूच्या गरीब स्वभावाची ख्याती तर सगळ्या गल्लीत पसरली. पालक यायचे आणि म्हणायचे, "कुत्रा कसला हो हा, गरीब गाय आहे! याला कशाला दार?" मावशीला ते ऐकून बरे वाटायचे. कोणाला नाही वाटणार? हळूहळू कडी कधी लागायची, कधी नाही. पुढे पुढे मला भिंतीशी उघडे टाकून माझ्यावर मुलांची लाळेरी आणि दुपटी वाळत घालू लागले, कारण तिथे शेगडीची ऊब यायची. दार होते, त्याची झाली दांडी. वाईट वाटायचे, पण सांगणार कोणाला?

दगडूही म्हातारा झाला होता. हाक मारली तर वळून पाहत नसे. लोकांना वाटे, आळशी झाला. पोत्यावरून उठताना तो आधी पुढचे पाय टेकायचा, मग बराच वेळ थांबून मागचे ओढायचा. लोकांना वाटे, लाडावला. गरिबाचे दुखणे कोणी विचारत नाही, कारण तो कुरकुर करत नाही. मी करायचे, तर मलाही कोणी विचारले नाही.

ते दिवस ढगाळ होते. कपडे वाळता वाळत नव्हते. मी भिंतीशी उघडे, अंगावर ओल्या लाळेऱ्यांची ओझी. नर्सचा मुलगा एव्हाना शाळेत जाऊ लागला होता आणि त्याची धाकटी बहीण पाळणाघरात येत होती. गोल, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. दुपारी निजायच्या वेळेला मावशी सतरंजीवर बसून एका तान्ह्याचे दुपटे बदलत होती. पाठ इकडे होती. ठमी उठली. हातात स्वतःचे पांघरूण होते. ती माझ्या उघड्या चौकटीतून आत गेली. दगडू भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. ठमीने पांघरूण त्याच्या अंगावर घातले आणि मायेने सगळी त्याच्या पाठीवर आडवी झाली.

त्याला तिची पावले ऐकूच आली नव्हती. दुखऱ्या कमरेवर एकाएकी भार आला आणि तो झोपेतच वळला. त्याचा दात ठमीच्या मनगटाला लागला.

ठमीने फोडलेली किंकाळी मी विसरणार नाही. मावशी धावत आली. तिने ठमीला उचलून मोरीवर नेले, नळाखाली हात धरून साबणाने धूत राहिली, एकीकडे नर्सला फोन लावला. जखम मोठी नव्हती, पण रक्त होते. दगडू स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली जाऊन थरथरत बसला. आपण काय केले हे त्याला कळले होते, किंवा कळले नव्हते म्हणून तो थरथरत होता.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, जेवायला घरी आलेले होते. माणूस वाईट नाही, पण घाबरला होता. ते दबक्या आवाजात म्हणाले, "दार उघडं होतं हे बोलू नकोस. सांग, दारावरून उडी मारून आला. म्हातारपणी डोकं फिरलं म्हणू. आज संध्याकाळीच त्याला कुणाला तरी देऊन टाकू. कुत्रा गेला तर लोक विसरतील. तू कडी लावत नाहीस हे कळलं, तर एकही मूल इथे येणार नाही."

मावशी ठमीचा हात फडक्याने टिपत होती. काकांनी माझ्या अंगावरची लाळेरी भराभर ओढून टोपलीत कोंबली, मला ओढून बंद केले आणि कडी घातली. मित्रांनो, माझी कडी आजवर पोरांसाठी लागली होती, दगडूसाठी लागली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा खोटे बोलण्यासाठी लागली.

नर्स रुग्णालयातल्या कपड्यांतच धावत आली. तिने आधी लेकीचा हात पाहिला, उलटसुलट करून पाहिला, आणि मग विचारले, "कसं झालं?"

"दारावरून उडी मारून आला एकदम," काका म्हणाले.

नर्सने माझ्याकडे पाहिले. मग कट्ट्याखालच्या दगडूकडे पाहिले. पांढरे झालेले तोंड, दुमडलेले मागचे पाय. तिने ठमीला कडेवर घेतले. एवढ्यावर सगळे निभावले असते. दगडू गेला असता आणि पाळणाघर राहिले असते. मावशीने माझ्यावर हात ठेवला होता.

तिने कडी काढली. मला ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेले आणि तिथे सोडले.

"असं होतं दार," ती म्हणाली. "यावर कपडे वाळत होते. दगडू जागचा हलला नाही. तो झोपला होता, ठमी त्याच्याजवळ गेली. कडी मी लावली नव्हती. बरेच दिवस लावत नव्हते."

"अगं..." काका म्हणाले.

तेवढ्यात दगडू कट्ट्याखालून निघाला. ठमीचे हुंदके त्याला ऐकू येत नसावेत, पण ती दिसत होती. एकेक पाय ओढत तो उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मी सताड उघडे होते. अडवायला कोणी नव्हते. पण 'ये' म्हणणारे म्हातारे आता नव्हते, आणि कोणी म्हटले असते तरी त्याला ऐकू आले नसते. तो रेघेच्या आत बसून ठमीकडे पाहत राहिला. नर्सनेही ते पाहिले.

"इतकी वर्षं मी तुमच्या भरवशावर पोरं टाकून जातेय," ती मावशीला म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागले. ठमीला घेऊन ती इंजेक्शनांसाठी निघून गेली.

गोष्ट गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. एकेक मूल यायचे बंद झाले. पुढची खोली इतकी शांत झाली की मोरीवरचा नळ टपटपताना ऐकू यायचा. मावशी दगडूला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती काकांना सांगत होती, "त्याचे कान कधीच गेलेत अहो. कमरेत सारखं दुखतंय. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दार मुलांसाठी बसवलं होतं ना? आता ते याच्यासाठी लावत जा." एवढे बोलून ती माझ्याशेजारी खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मलाही तेव्हा कुठे माझे पुरते काम कळले. मी दगडूला अडवत होते असे सगळे समजत होते. मी त्याची झोप राखत होते.

दुसऱ्या दिवशी मावशीने माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले. काकांनी ढिले स्क्रू पिळले. मग मागच्या पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी कपडे वाळत घालायला दोरी बांधली. त्यांची माफी ती एवढीच, आणि मावशीला ती पोचली.

बऱ्याच दिवसांनी बाहेरच्या दाराची घंटा वाजली. नर्स होती, कडेवर ठमी.

"दोन-तीन ठिकाणी चौकशी केली," ती म्हणाली. "एका ठिकाणी कुत्राही होता. आमचा चावत नाही म्हणाले." तिने ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. "माझी चूक झाली म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात. पण कडी..."

"आधी कडी, मग मूल," मावशी म्हणाली, आणि तिने आधी कडी लावली, मगच ठमीला घेतले.

हळूहळू खोली पुन्हा भरली, पहिल्याइतकी नाही. ठमीच्या मनगटावर बारीकसा वण राहिला. तिला काय समजले कोण जाणे, पण सकाळी चपला काढायच्या आधी ती विचारायची, "मावशी, कडी लावली?" मावशी म्हणायची, "लावली गं." मग ठमी माझ्या पट्ट्यांशी बसून आत पाहायची. मोठ्याने बोलायची नाही. त्याला ऐकू येत नाही हे तिला कितीदा सांगितले, तरी हळूच बोलायची.

दगडू एका दुपारी माझ्यामागे, त्याच पोत्यावर, झोपेतच गेला. त्याला कोणी उठवले नाही, कोणी त्याच्या अंगावर पडले नाही. माझ्या हातून झालेले सर्वांत मोठे काम मी तेच समजते.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा कोणी गरीब जीव असेल. तो ओरडत नाही, ओचकारत नाही, म्हणून त्याला काहीच लागत नाही असे समजू नका. त्याच्या झोपेला, त्याच्या घासाला, त्याच्या दुखण्याला एक दार ठेवा, आणि ते लावायला विसरू नका. जो कपाटावर चढू शकत नाही, त्याला कोपरा तुम्हीच राखून द्यायचा असतो.

दगडू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी आली. आत पोते घडी करून भिंतीशी ठेवलेले होते. मी उघडे होते. आता माझ्यामागे झोप राखायला कोणी उरले नव्हते. ठमीने उंबऱ्याशी उभे राहून नेहमीसारखे विचारले, "मावशी, कडी लावली?"

मावशीने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिले. मग मला ओढून घेतले.

"लावते हं," ती म्हणाली, आणि तिने कडी लावली.