‘श्री’ लावल्यावर सापडणारी नावं

त्या सोमवारी अक्कलकुव्याच्या आमच्या दवाखान्यात औषधांपेक्षा दर्शनाची रांग मोठी होती. व्हरांड्यात सतरंजीवर अक्षरानंद महाराज, खिडकीआड संगणकासमोर आमची रविना वसावे, आणि दोघांच्या मधे औषधं देणारा मी.

प्रकार असा झाला. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांची नोंद संगणकात असते. नाव टाकायचं, पान उघडायचं, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. होळीनंतर काही नावं सापडेनाशी झाली. त्यातच असं नाव गेलेला एक माणूस वारला. तो मोटारसायकलवरून पडून गेला, ही गोष्ट कोणी हिशेबात धरली नाही.

“माय वं! नाव गयं म्हंजे माणूस गया,” झाडलोट करणाऱ्या वत्सलाबाईंनी जाहीर केलं. दोन आठवडी बाजारांत ही बातमी डोंगरातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचली.

त्या बातमीमागोमाग महाराज आले. “चित्रगुप्ताने वही टाकली, आता तो संगणकावर बसतो,” ते म्हणाले. “यमाने खोडलेलं नाव हे यंत्र दाखवत नाही. नावापुढे ‘श्री’ लावून लिहा!”

वाहरू हा नाव न सापडणाऱ्यांपैकीच एक; आमचे व्यवस्थापक राजेंद्रभाईंनी ‘श्री वाहरू’ अशी नवी नोंद केली आणि शोधली. लगेच सापडली! टाळ्या पडल्या. वाहरूची बायको रूपलीबाई हिने हातातलं चांदीचं कडं काढून महाराजांपुढे ठेवलं. महाराजांनी ते निर्विकारपणे झोळीत टाकलं आणि वाहरूला सांगितलं, “श्री लागला. आता गोळी कशाला?”

तीन आठवड्यांनी वाहरूला त्याच्या गावाहून, मणिबेलीहून, बोटीने आणि पुढे जीपने आणलं. हातपाय असे दुखत होते, की अंगावरची चादरही त्याला सहन होईना. रविनाने त्याच्या भिली बोलीत विचारलं तेव्हा कळलं, श्री लागल्या दिवसापासून त्याने एकही गोळी घेतली नव्हती.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. रविना रागाने लाल होऊन जागेवर आली. वाहरूचं जुनं कार्ड समोर होतं. तिने नाव न टाकता कार्डाचा नंबर टाकला. त्याचं पान उघडलं. वर ठसठशीत नाव: वाहरू.

“दादा, नाव कुठंच गेलेलं नाही,” ती मला म्हणाली. “नंबरानं मिळतं, नावानं मिळत नाही. म्हणजे खोट शोधण्यात आहे.”

आमची यादी ज्या डेटाबेसमध्ये आहे तो फुकट मिळतो. तो बनवणारे जगभर विखुरलेले आहेत, आणि त्यांना कोणीही पत्र लिहू शकतं. रविनाने लिहिलं: ‘नावं गायब होतात, मदत करा.’ कुठल्याशा देशातून एका बाईचं उत्तर आलं. त्यात नुसते प्रश्न होते. कोणती आवृत्ती वापरता? नेमकं काय टाइप केलं? काय दिसायला हवं होतं, काय दिसलं? हे सुरू होण्याआधी काय बदललं?

महिनाभर चमत्कार करूनही महाराजांनी यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.

उत्तरं गोळा करायला रविनाला दोन दिवस लागले. शेवटच्या प्रश्नाशी ती थबकली. होळीच्या आठवड्यात संगणकावर नवी प्रणाली घातली होती. तिने तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी निदान आलं.

पुढच्या सोमवारी तिने माझी कार्डांची पेटी उचलून थेट व्हरांड्यात नेली. “ही पेटी जुन्या कारकुनानं लावली. आता नवा आला. त्याचा अक्षरांचा क्रम वेगळा. वाहरूचं कार्ड तो भलत्याच कप्प्यात बघतो आणि म्हणतो, नाही. पण नवं कार्ड तो स्वतः ठेवतो, म्हणून ते त्याला सापडतं. नव्या प्रणालीमुळे संगणकातल्या सूचीचं हेच झालंय.”

“म्हणजे श्रीचाच प्रताप,” महाराज हसले.

“नव्यानं लिहिण्याचा. श्री नको, वांगंही चालेल.” तिने ‘वांगं वाहरू’ अशी नोंद केली आणि शोधली. सापडली.

“नाव उनं वं, वांगासंगे!” वत्सलाबाई ओरडल्या आणि रांग हसत सुटली.

मग रविनाने संगणकाला पत्रात आलेली एका ओळीची आज्ञा दिली: सूची नव्याने लाव. चहा होईपर्यंत काम झालं. एकेक नाव, श्रीशिवाय आणि वांग्याशिवाय, पटापट उघडू लागलं.

“यंत्रात शेवटी आमचीच शक्ती उतरली,” महाराज झोळी आवरत म्हणाले. रूपलीबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने हात पुढे केला. महाराजांनी कडं काढून दिलं.

रविनाने प्रश्न पाठवणाऱ्या त्या परदेशी बाईला आभाराचं पत्र लिहिलं, आणि काय केल्यावर काय झालं ते सगळं त्यात मांडलं, पुढे कोणी अडलं तर त्याला वाचता यावं म्हणून.

वाचकहो, यंत्र बिघडतं, शरीरही बिघडतं. काय झालं, कधीपासून, आधी काय बदललं, हे न विचारता जो इलाज सांगतो, त्याच्यापुढे बसू नका, मग तो भगव्या कपड्यात असो की पांढऱ्या कोटात.

पुढच्या महिन्यात वाहरू स्वतःच्या पायांनी खिडकीशी आला. गोळ्या घेतल्या, पण जागचा हलेना.

“ही गोळी पोटात जाऊन करते काय?” त्याने विचारलं.

सतरा वर्षं मी त्या गोळ्या मोजून देत होतो, पण हे मीही कधी विचारलं नव्हतं. त्याला बाकावर बसवलं आणि औषधांचं पुस्तक उघडलं.