धक्क्यावरचा नकाशा

बोटीने येणाऱ्यांना उतरल्याउतरल्या शहर कळावं, म्हणून नगरपालिकेने धक्क्यावर मोठा फलक उभारला आणि त्यावर नकाशा रंगवायचं काम पेंटरला दिलं. शहर एवढंसं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत बाजार, कोर्ट, दवाखाना, बर्फाचा कारखाना नि एकमेकांच्या खिडक्यांत डोकावणारी घरं. या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाला कळायचं.

पेंटर काम करत असला की माणसं जमायची.

"माझं दुकान जरा ठळक काढ हं," औषधवाला म्हणाला.

न्हावी म्हणाला, "समुद्र एवढा मोठा कशाला? तो काय तुझ्याकडून पाटी रंगवून घेणार आहे?"

पेंटर हसायचा. दिवसभरातलं त्याचं बोलणं तेवढंच. कारखान्यामागच्या खोलीत तो एकटा राहायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर जिभेला काम नसायचं.

सगळं शहर फलकावर उतरलं, पण टेकडीच्या पायथ्याची एक गल्ली तेवढी कोरी राहिली. तिथे त्याच्या थोरल्या भावाची लाँड्री होती. आई गेली त्या दिवशी दादा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आजारपणात फिरकला नाहीस, आता रडायला बरी सवड मिळाली!" पेंटर तिथून उठला तो उठलाच. त्यानंतर दोघांत अबोला. भाऊ समोर येऊ नये म्हणून तो वळसा घालून जायचा; लोकही त्याच्यापुढे दादाचा विषय काढत नसत. आता ती गल्ली नेमकी कुठे वळते, हेही त्याला आठवेना.

शेवटी तो बघायला निघाला. दादा दिसलाच तर काय बोलायचं, ते वाटभर घोकत होता.

लाँड्रीच्या जागी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

"लाँड्रीवाले?" शेजारची शिवणकामवाली बाई म्हणाली. "त्यांना इथून जाऊन वर्ष होईल. गुडघे पार गेले होते. लेक घेऊन गेली नवराबायकोला आपल्याकडे. तुम्ही कोण?"

"भाऊ."

तिचं मशीन थांबलं. "सख्खे?"

त्याने होकार दिला. तिने न मागताच त्यांचा नंबर दिला.

गल्लीच्या पायरीवर बसूनच त्याने फोन लावला.

"हॅलो, वहिनी? मी बोलतोय."

"अगंबाई, भाऊजी! अहो, ऐकलंत का..."

मग दादाचा आवाज आला. "बरा आहेस ना?"

"आहे. जाताना सांगितलं नाहीस?"

"धक्क्यावर दिसला होतास. शिडीवर चढून तिकीटघराची पाटी रंगवत होतास. हाक मारणार होतो."

"मग?"

"बोट सुटत होती रे."

"दादा, आईच्या वेळी मी..."

"राहू दे आता. मीही नको ते बोललो. इथे खिडकी उघडली की समोर भिंत दिसते. फोन करत जा."

दुसऱ्या दिवशी पेंटरने फलकावरची ती कोरी गल्ली भरली. आता दर रविवारी तो फोन करतो. बोलायला दोघांकडे फारसं काही नसतं. दादा विचारतो, कोर्टासमोरचं झाड आहे का, बाजारातला नळ दुरुस्त झाला का. पेंटर सांगतो. कधी माहीत नसलं, तर तो शनिवारी मुद्दाम जाऊन बघून येतो. फोन ठेवला की खोली पहिल्यासारखीच गप्प होते. मग तो उठतो, एकट्यापुरता भात टाकतो, आणि तो शिजेपर्यंत दारात उभा राहतो.